छपराचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



साहित्य, संगीत, नाटक यांवर अधिकाराने बोलणारी मंडळी येथे पुष्कळ आहेत. आम्हांला कार्यवाहांनी ‘आपला एखादा अनुभव’ असा मोकळा विषय दिला. मंडळ मैदानात आणि आम्ही उभयता सिमल्यास. गणपती आणि संक्रांत एवढ्यापुरतेच खाली उतरणारे सभासद. अलीकडच्या वर्षांतला आमचा मोठा अनुभव एकच, आणि तो घराचे छप्पर बदलण्याचा. विषय रूक्ष आहे, याची जाणीव आम्हांला आहे.

आमचे बालपण दापोली तालुक्यातल्या कौलारू घरात गेले. तेथे दरसाल पावसाळ्यापूर्वी घर शाकारायचे. फुटकी कौले काढून नवी बसवायची, एखादी रीप बदलायची. खर्च दरवर्षीचा, पण थोडाथोडा. सिमल्याचे पत्र्याचे छप्पर याच्या नेमके उलट. तीस-पस्तीस वर्षे ते काही मागत नाही; मधूनमधून रंगाचा हात दिला की झाले. मग एके दिवशी सगळी थकबाकी व्याजासह मागते.

आमच्या छपराने ती मागणी २०२० च्या हिवाळ्यात केली. बर्फ पडत असताना घर गळत नव्हते. बर्फ थांबून लख्ख ऊन पडले की तिसऱ्या दिवशी भिंतीवरून ओघळ येत. मिस्त्रीने उलगडा केला. घरातल्या उबेने पत्र्यालगतचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीपर्यंत येते आणि तेथे, खाली ऊब नसल्यामुळे, पुन्हा गोठते. असा बर्फाचा बांध झाला की मागचे पाणी पत्र्यांच्या जोडांतून वर चढून आत शिरते. मिस्त्रीने खर्चाचा अंदाज दिला तो २,७५,००० रुपयांचा. पैसे बाजूला काढून ठेवलेले होते.

पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. आमच्या वडिलार्जित घराचे एक पाखे उडाले, आढे सरकले. थोरल्या बंधूंचा फोन आला. त्यांनी पैसे मागितले नाहीत, एवढेच म्हणाले, “देवघरावर ताडपत्री घातली आहे, काळजी करू नकोस.” आम्ही दोन लाख रुपये पाठवले आणि सिमल्याचे काम पुढे ढकलले. घरात यावरून बोलाचाली झाली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आम्हां दोघांत ज्यांना बोलायचे होते त्यांचा मुद्दा असा, की तिकडे वर्षातले पंधरा दिवस आणि इकडे साडेअकरा महिने, मग कोणते घर आपले म्हणायचे?

ढकलाढकलीची किंमत २०२२ च्या मे महिन्यात कळली. जुना पत्रा उतरवला तेव्हा खालच्या फळ्या बोटाने टोकरता येत होत्या, आणि वळचणीकडची देवदारी वाशांची टोके काळी पडून भुसभुशीत झाली होती. सगळा दोष गळतीचा नव्हता. थंड पत्र्याला आतल्या वाफेचा घाम येतो, तो फळ्यांत मुरतो. आमच्या माळ्याला वारा खेळायला वाटच नव्हती. शेगडीवर दिवसभर पाणी आधण ठेवण्याची आमची सवयही त्या घामाला हातभार लावीत होती, हे ऐकून घरातल्या एका व्यक्तीने चहा कमी केला, आठवडाभर.

आता प्रत्यक्ष हिशेब. घराचे क्षेत्र चाळीस फूट गुणिले पंचवीस, म्हणजे १,००० चौरस फूट. एवढाच पत्रा लागेल असे आमचे भाबडे गणित. परंतु चहूबाजूंनी दोन-दोन फूट वळचण धरली की १,२७६ होतात. छपराला तीस अंशांचा उतार असल्यामुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग सुमारे १,४७५ भरतो. आणि पत्र्यावर पत्रा चढवण्यात, कापण्यात जे जाते ते मिळवून मागवावे लागले १,७०० चौरस फूट. उतार कमी ठेवून बचत होईल का, हेही विचारून पाहिले. मिस्त्रीने उत्तराऐवजी बर्फाचे वजन सांगितले. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा फूटभर थर आमच्या छपरावर बसला तर साडेतीन टनांच्या आसपास भार होतो. त्यावर पाऊस पडून तो भिजला तर तिप्पटही होऊ शकतो. उतार होता तोच ठेवला.

एकूण खर्च ४,६०,००० रुपये. त्यात पत्रा, आढ्यावरची पट्टी आणि पन्हळ मिळून १,०५,००० च. लाकूड मात्र १,६०,०००, आणि मजुरी १,२५,०००. उरलेले ७०,००० रंग, खिळे, माळ्यावर अंथरलेला उबेचा थर, झरोके आणि ओझी यांत गेले. ओझी म्हणजे काय, हे मैदानात राहणाऱ्यांना सांगितले पाहिजे. आमच्या घराला मोटारीची वाट नाही. प्रत्येक पत्रा आणि प्रत्येक वासा हमालाच्या पाठीवरून दीडशे पायऱ्या चढला. वाऱ्याच्या दिवशी दहा फुटी पत्रा पाठीवर घेऊन चढणारा माणूस पाहिला की मजुरीत घासाघीस करण्यास जीभ रेटत नाही. दोन वर्षांत पोलादाचे भाव वाढले हे खरे. परंतु अंदाजातली आणि बिलातली तफावत मुख्यतः त्या कुजलेल्या लाकडाची होती.

थोरले बंधू त्याच मे महिन्यात सिमल्यास आले होते. त्यांनी शिडीवर चढून ती वाशांची टोके पाहिली आणि खाली येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, “मला आधी का नाही सांगितलंस?” आम्ही उत्तर दिले नाही. परत गेल्यावर त्यांनी ५०,००० रुपये पाठवले. सोबतच्या चिठ्ठीत ‘शाकारणीचे’ एवढाच शब्द होता. घेऊ नयेत असे एकाचे मत पडले, घ्यावेत असे दुसऱ्याचे. घेतले.

तेव्हापासून भिंती कोरड्या आहेत. माकडे नव्या पत्र्यावरही जुन्याच उत्साहाने नाचतात. दोन आखे पत्रे शिल्लक राहिले आहेत. ज्या सभासदांना हवे असतील त्यांनी सभेनंतर भेटावे. पायऱ्यांवरून खाली नेण्याचा हमाल मात्र त्यांनीच आणावा.