डीपीवरची पाळी

(दहावी १९९६ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता 'संगणक आणि आपलं भविष्य'. मी म्हटलं, भविष्यावर दुसरं कुणी बोलेल, मला वीस मिनिटं विहिरीवरच्या मोटरीच्या स्टार्टरवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग 'बरं, बोल' असं उत्तर आलं. त्याबद्दल आभार.

कारण साधं आहे. इथे बसलेल्यांपैकी निम्मे जण आजही शेती करतात. उरलेल्यांची शेती भाऊ, वडील किंवा वाटेकरी करतो. माझी पदवी इलेक्ट्रिकलची आणि गेली वीस-बावीस वर्षं पोट भरलं ते सॉफ्टवेअरनं. या दोन्हींचा एकाच ठिकाणी उपयोग झाला ती जागा म्हणजे आमच्या मळ्याजवळची डीपी. पुण्या-मुंबईत राहून शब्द विसरलेल्यांसाठी सांगते, डीपी म्हणजे दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर. तो जळला की दहा-पंधरा विहिरी एकदम मुक्या होतात.

थोडं मागे जाऊ. आपल्या आजोबांच्या वेळी मोट होती. एक जण बैल धावेवरून मागे-पुढे करायचा, नाड्याच्या टोकाची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची आणि दुसरा जण वाफ्यात दारं धरायचा. पाणी हवं तर माणसं आणि बैल जागेवर हवेतच. मग डिझेल इंजिन आलं. किर्लोस्करांच्या इंजिनाची टुकटुक आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. बैल सुटले, पण हँडल मारायला माणूस लागायचा. नंतर वीज आली, पाच एचपीची मोटर आली, पुढे पाणबुडी मोटर आली. आता फक्त हिरवं बटण दाबायला जायचं होतं.

पण बटण दाबायचं कधी? थ्री-फेज वीज शेतीला चोवीस तास मिळत नाही. आठ-दहा तास मिळते, आणि पाळी रात्रीची असेल तर रात्री मिळते. थंडीत रात्री अकरा वाजता उठून विहिरीवर जाणं म्हणजे काय, ते इथे कुणाला समजावून सांगायला नको. साप-विंचू आहेत, ओला बांध आहे, आणि जुन्नर, संगमनेर, निफाड पट्ट्यात उसात बिबट्या आहे. बरं, गेल्यावर वीज असेलच असं नाही. ती मध्येच जाते, तासाभरानं येते, की पुन्हा चक्कर.

म्हणून ऑटो स्टार्टर आला. तिन्ही फेज आले की हा खटका स्वतःच मोटर चालू करतो. त्यापुढे मोबाईल स्टार्टर आला, घरून मिस्ड कॉल दिला की मोटर चालू. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' हे त्यातलं अगदी सुरुवातीचं नाव. ही यंत्रं फार मोलाची आहेत. त्यांनी किती रात्रीच्या चकरा वाचवल्या आणि किती जणांना सापापासून लांब ठेवलं, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. तेव्हा पुढे मी जे बोलणार आहे ते ऑटोच्या विरोधात आहे, असं कृपया कुणी समजू नका.

आता रात्री दहा वाजता वीज येते तो क्षण पाहू.

समजा एका १०० केव्हीएच्या डीपीवर पाच एचपीच्या १५ मोटरी आहेत. पाच एचपीची मोटर नीट चालू असताना साधारण साडेसात अँपिअर करंट घेते. १५ मोटरींचे झाले सव्वाशेच्या आत, म्हणजे साधारण ११२. ही डीपी १३० अँपिअरच्या आसपास सोसते. कागदावर सगळं ठीक आहे.

पण मोटर थांबलेली असताना चालू होते तेव्हा पहिले काही सेकंद ती नेहमीच्या सहापट करंट ओढते. गाडा जागेवरून हलवताना बैलांना जसा जोर लावावा लागतो, तसंच. साडेसातचे झाले पंचेचाळीस. एकच मोटर चालू होत असेल तर डीपीला काही वाटत नाही. पण पंधराच्या पंधरा ऑटोवर असतील आणि एकाच क्षणी खटका ओढला गेला, तर ६७५ अँपिअर होतात. सोसण्याच्या पाचपट.

इथून पुढचं आणखी वाईट आहे. एवढा करंट ओढला की व्होल्टेज पडतं. विज्ञानाच्या तासाला सरांनी सांगितलेलं वर्ग आणि वर्गमूळ इथे भेटतं. मोटरीचं फिरवण्याचं बळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. व्होल्टेज ७० टक्क्यांवर आलं की बळ ७० नाही, ४९ टक्के राहतं, म्हणजे निम्मंच. अर्ध्या बळात मोटर वेग घेत नाही, आणि वेग घेत नाही तोवर ती जास्तीचा करंट ओढतच राहते. सगळ्या मोटरी एकमेकींचा गळा धरून घुमत बसतात. मग फ्यूज उडतो, किंवा कुणाची तरी मोटर जळते, किंवा कधीतरी डीपीच जाते. प्रत्येकानं आपापल्या विहिरीवर शहाणपणाचंच काम केलेलं असतं. पंधरा शहाणपणं एका तारेवर आली की नुकसान होतं.

आमच्याकडे एका रब्बीत डीपी तीनदा गेली. तिसऱ्या वेळी कांदा पोसायला लागलेला होता. डीपी बदलून येईपर्यंत जे दिवस गेले ते आमच्या दादानं कसे काढले, ते मी फोनवर रोज ऐकत होते. कार्यालयातून 'ओव्हरलोड आहे' एवढंच उत्तर मिळायचं. गावात प्रत्येक जण दुसऱ्याच्या मोटरीकडे बोट दाखवत होता. दादा मला म्हणाला, "तू इंजिनिअर ना? मग सांग, कुणाची मोटर जास्त ओढते?"

दादाचा प्रश्न ऐकून मला माझ्या ऑफिसातलंच काम आठवलं. आमचा सर्व्हर थोडा वेळ बंद पडून पुन्हा चालू झाला, की त्याला जोडलेले लाखो मोबाईल त्याच सेकंदाला 'मी आलो' म्हणून दारावर धडकतात. नुकता उठलेला सर्व्हर त्या गर्दीनं पुन्हा झोपतो. दोष एकाही मोबाईलचा नसतो. आम्ही काय करतो? प्रत्येक मोबाईलला थोडं थांबायला सांगतो, आणि प्रत्येकाला वेगवेगळा वेळ थांबायला सांगतो. कुणी दोन सेकंद, कुणी सात, कुणी वीस. तोच सर्व्हर, तेवढेच मोबाईल, आणि काम सुरळीत चालतं.

पुढच्या सुट्टीत मी गावी गेले. दादानं आमच्या डीपीवरच्या सगळ्यांना पारावर बोलावलं. ऑटो काढा असं मी म्हटलं नाही. पुष्कळ ऑटो स्टार्टरमध्ये वीज आल्यावर किती सेकंदांनी चालू व्हायचं, ते ठरवायची सोय असते. ती बहुतेकांनी कधी हलवलेलीच नव्हती. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांना वायरमनकडून टायमर बसवून घेता येतो. मोटर वेग घ्यायला काही सेकंद पुरतात. दोन मोटरींमध्ये २० सेकंद ठेवले, तर १५ मोटरी पाच मिनिटांत चालू होतात. आठ तासांतली पाच मिनिटं.

हिशेब कुणालाच अवघड गेला नाही. अवघड गेला तो पुढचा प्रश्न: "माझाच नंबर शेवटी का?"

तासभर त्यावर वाद झाला. शेवटी एका वयस्कर काकांनी तो मिटवला. ते म्हणाले, "अरे, सामायिक विहिरीवर पाळी लावत होतो ना आपण? ही पाळीच आहे. महिन्याला बदला." मी आणलेल्या कागदावर सर्व्हरसारखे आकडे होते. त्यांनी एका शब्दात ते सगळ्यांच्या गळी उतरवलं. वहीत नंबर लिहिले गेले, आणि महिन्याला ते फिरवायचं ठरलं. त्या रब्बीत आणि त्यानंतरच्याही रब्बीत आमची डीपी गेली नाही.

पाळी ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. धुळे-नंदुरबारकडे पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी सोडणारा पाटकरी वेगळा, कुणी स्वतः उठून पाट फोडायचा नाही. सामायिक विहिरीवर भावाभावांत दिवस वाटलेले असायचे. मोटेच्या काळात पाळी चुकवताही यायची नाही, कारण धाव एकच आणि बैलही तेवढेच. मोटर आली, प्रत्येकाची विहीर वेगळी झाली आणि आपल्याला वाटलं की आता पाळीची गरज संपली. खरं तर सामायिक गोष्ट विहिरीवरून उठून तारेवर गेली होती. ती डोळ्यांना दिसत नव्हती, एवढंच. यंत्र आणताना पाळी मागे राहून गेली. ती यंत्रात परत घालता येते, आणि फुकटात घालता येते, हेच मला आज सांगायचं आहे.

याच्या मर्यादाही सांगते, नाहीतर घरी जाऊन मला शिव्या द्याल. डीपीच्या ताकदीपेक्षा चालू मोटरींचाच भार जास्त असेल, मंजुरी तीन एचपीची आणि विहिरीत साडेसातची असेल, किंवा तारेवर आकडे टाकलेले असतील, तर सेकंद बदलून काही होणार नाही. तिथे भारच कमी करायला हवा किंवा मोठी डीपी मागायला हवी. मोटरीला योग्य कपॅसिटर लावला, पाच एचपीला साधारण दोन केव्हीएआरचा, तर चालू करंट दहा-पंधरा टक्क्यांनी उतरतो. तो बंद पडला म्हणून काढून ठेवू नका, बदलून घ्या. आणि एक कळकळीची विनंती आहे. रात्री फ्यूज उडाला तर स्वतः डीपीवर चढू नका. पाणी एक दिवस उशिरा मिळेल. माणूस परत मिळत नाही.

कुणी म्हणेल, आता सौर पंप आलेत, हे सगळं जुनं झालं. सौर पंपाला डीपी लागत नाही, तो दिवसा चालतो, रात्रीची चक्कर संपते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारण गटाला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के आहे. ज्यांना जमेल त्यांनी जरूर घ्यावा. पण ऊन फुकट असल्यानं पंप थांबवायचं कारणही उरत नाही. तेव्हा सामायिक गोष्ट तारेवरून आणखी खाली जाते, जमिनीतल्या पाण्यात. तिथे तर फ्यूजही नाही. ते संपतं तेव्हा आवाज होत नाही. हिवरे बाजारनं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, पाऊस किती झाला ते पाहून पिकं ठरवायची पद्धत घातली, आणि शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली. तीही पाळीच आहे, गावानं गावाला लावलेली.

आता थोडं कामाचं. आपल्या बॅचचा ग्रुप सकाळी फुलांच्या फोटोंनी भरलेला असतो. मला त्यात एक तक्ता हवा आहे. ज्याच्या मळ्यात डीपी आहे, त्यानं चारच गोष्टी लिहायच्या: डीपी किती केव्हीएची, तिच्यावर मोटरी किती, प्रत्येकीचे एचपी किती आणि ऑटोवर किती आहेत. बेरीज मी करून देईन, सेकंदांचा तक्ताही मीच पाठवीन. आपल्यातले दोघं वायरमन आहेत, एक जण मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, आणि तीन जणी सरपंच किंवा सदस्य आहेत. टायमर बसवायला, लोकांना पारावर बोलवायला आणि वाद मिटवायला जी माणसं लागतात, ती सगळी आज या मांडवात बसलेली आहेत. फक्त वाद मिटवणारे काका प्रत्येक गावानं आपले शोधायचे आहेत.

एक शेवटचं. शाळेत पाण्याच्या टाकीवर एकच नळ चालू असायचा आणि मधल्या सुट्टीत आपण सगळे एकदम धावायचो. कुणालाच धड पाणी मिळायचं नाही आणि अंगावर मात्र सांडायचं. मग बाई छडी घेऊन उभ्या राहायच्या आणि रांग लागायची. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुमची छडी आता २० सेकंदांच्या टायमरच्या रूपात आमच्या मळ्यात उभी आहे.

जेवणानंतर मी मांडवाच्या डाव्या कोपऱ्यात वही घेऊन बसते. डीपीचे आकडे घेऊन या.