जबड्याचे दुखणे : भीती नको, दुर्लक्षही नको



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यावर बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही एक उपेक्षित सांधा निवडला. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडावे. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्यातील दोन हाडांमध्ये एक लवचिक चकती असते.

चिंतेने दात आवळणे, झोपेत दात खाणे, सतत एकाच बाजूने चावणे यांमुळे चावण्याचे स्नायू थकतात व आखडतात. कानशिले ठणकतात, तोंड पुरते उघडत नाही. पुष्कळदा कानच दुखतो असे वाटून भलतेच उपचार होतात. १९३४ साली अमेरिकेतील डॉ. कॉस्टन यांनी याचा दोष दातांच्या ठेवणीला दिला. १९६९ मध्ये डॉ. लास्किन यांनी तो बव्हंशी स्नायूंच्या थकव्यावर ठेवला.

बहुतेकांना मऊ आहार, कोमट शेक व विश्रांती यांनी काही आठवड्यांत आराम पडतो. नुसता 'कट्' आवाज येत असेल आणि वेदना नसेल, तर काळजीचे कारण नाही. सवय मात्र वर्षानुवर्षे टिकली, तर दात झिजतात, डोकेदुखी जडते, चकती सरकून जबडा अडकू शकतो; क्वचित सांधाही झिजतो. तरीही दात घासून घेणे वा शस्त्रक्रिया करणे, अशा न परतणाऱ्या उपायांची घाई करू नये.

याहून निराळे दुखणे सुपारीचे. डमडमला आलो तरी आपला अडकित्ता सुटला नाही, आणि बंगाली शेजाऱ्यांच्या पानाला नाही म्हणवत नाही. सुपारीने गालाची आतली त्वचा घट्ट होते, तिखट झोंबते, तोंड हळूहळू मिटत जाते. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराचे वर्णन केले. हा शेकाने जात नाही, आणि काहींमध्ये पुढे कर्करोग होतो.

आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये जातात का, हे घरोघरी पाहावे. न गेल्यास तपासणी करावी. शियालदहजवळच डॉ. आर. अहमद दंत महाविद्यालय आहे. १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी स्थापिलेले हे भारतातील पहिले दंत महाविद्यालय. जखमेनंतर दातखीळ बसू लागली, तर धनुर्वाताच्या शंकेने तत्काळ रुग्णालय गाठावे.

सुपारी देवापुढे विड्यावर शोभते. दाढेखाली नको, एवढीच आमची विनंती.