करार दोघांचा, भूमी तिसऱ्याची
(ताम्हिणी, तालुका मुळशी येथील भाषण)



आजचा विषय इतिहासाचा आहे. परंतु मी वकील असल्यामुळे त्याकडे दस्तऐवजाच्या अंगाने पाहणार आहे. कोणताही दस्त हाती आला म्हणजे तीन प्रश्न विचारावेत. तो लिहिला कोणी? सह्या कोणाच्या? आणि ज्याची भूमी जाणार आहे त्याचे नाव त्यात आहे काय?

१० फेब्रुवारी १७६३ रोजी पॅरिस येथे झालेला तह या कसोटीवर घासून पाहा. त्या तहाने फ्रान्सने कॅनडा इंग्रजांच्या स्वाधीन केला. परंतु कॅनडा फ्रान्सचा झाला तरी कसा? १५३४ साली कार्त्ये नावाच्या फ्रेंच दर्यावर्द्याने तेथे आपल्या राजाच्या नावाने क्रूस रोवला. तेथील प्रमुख डोनाकोना याने तेव्हाच हरकत घेतली होती. १६०८ साली शांप्लेन याने क्वेबेकची वसाहत स्थापिली. इकडे इंग्लंडच्या राजाने १६७० साली हडसन बे कंपनीस सनद देऊन, आपण कधी न पाहिलेला अफाट मुलूख तिला बहाल केला. बीव्हर नामक प्राण्याच्या कातड्याच्या व्यापारासाठी दोन्ही सत्ता झुंजल्या आणि १७५९ साली क्वेबेक इंग्रजांच्या हाती पडले. ज्याची मालकी नाही त्यास ती दुसऱ्याला देता येत नाही, हे कायद्याचे प्राथमिक तत्त्व आहे. तरीही तेथील मूळ रहिवाशांना पॅरिसला कोणी बोलाविले नाही.

त्याच तहाचे अकरावे कलम आपल्या देशाविषयी होते. त्यान्वये फ्रेंचांना येथील जुन्या वखारी परत मिळाल्या, आणि सलाबतजंग यास दख्खनचा सुभेदार म्हणून उभय पक्षांनी मान्यता दिली. तो सलाबतजंग १७६२ सालीच पदच्युत होऊन कैदेत पडला होता! सह्या करणाऱ्यांना दख्खनची माहिती एवढीच होती.

या स्पर्धेची झळ पुढे आपल्या मावळापर्यंत पोचली. १७७७ साली सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील चौल बंदरात उतरून पुण्यास आला. नाना फडणीसांनी त्याचा सन्मान केला. इंग्रजांना धाक बसावा हा त्यामागील हेतू होता. चौल फ्रेंचांना मिळेल या धास्तीने इंग्रज अस्वस्थ झाले. ल्युबिनला १७७८ साली निरोप मिळाला. परंतु राघोबास गादीवर बसविण्यासाठी मुंबईची फौज त्याच वर्षअखेर बोरघाट चढून आली. फौजेला दाणावैरण मिळू नये म्हणून मराठ्यांनी स्वतःच तळेगाव जाळले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रज शरण आले. या विजयाचे वर्णन आपण अभिमानाने वाचतो. तथापि तळेगावात ज्यांची घरे जळाली, ज्यांचे धान्य राख झाले, त्या कुणब्यांची, बलुतेदारांची, गावकुसाबाहेरच्या माणसांची नावे कोणत्या तहनाम्यात आहेत? १७८२ च्या सालबाईच्या तहात इतर युरोपीय राष्ट्रांना नव्या वखारी घालू देणार नाही, असे पेशव्यांकडून लिहून घेण्यात आले. जळालेल्या घरांबद्दल कोणी काही लिहून घेतले नाही.

मग कागद निरुपयोगी म्हणावा काय? नाही. कॅनडातील मूळ रहिवाशांनी १७६३ मध्येच पाँटियाकच्या नेतृत्वाखाली शस्त्र उचलले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला इंग्रज राजाने जाहीरनामा काढला: मूळ रहिवाशांच्या भूमी खाजगी व्यक्तीने विकत घेऊ नयेत, त्या द्यावयाच्या झाल्यास त्यांच्या जाहीर सभेत, राजसत्तेलाच द्याव्यात. राजाने तो स्वतःच्या सोयीसाठी काढला आणि तो पुष्कळदा मोडलाही गेला. परंतु त्या लोकांनी तो विसरू दिला नाही. १९७३ साली निस्गा लोकांच्या दाव्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क कायद्याला ठाऊक असल्याचे मान्य केले, आणि १९८२ साली त्यांच्या हक्कांना राज्यघटनेत स्थान मिळाले. दोनशे वर्षांनी का होईना, तो कागद कामास आला.

मुळशीकरांना हे वेगळे सांगावयास नको. टाटांच्या धरणासाठी या खोऱ्यातील जमिनी गेल्या त्या १८९४ च्या कायद्याने. त्याविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला. सेनापती बापट तुरुंगात गेले. धरण मात्र झालेच. त्या कायद्यात मोबदला हितसंबंध असलेल्यास होता. दुसऱ्याच्या शेतावर राबून पोट भरणाऱ्यास नव्हता. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या व्याख्येत भूमिहीन शेतमजूर, कूळ आणि कारागीर यांचाही समावेश केला. मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भूमीवर आपली उपजीविका होती, हे दाखवावे लागते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. आपले वास्तव्य व आपले काम ज्याने सिद्ध होते तो प्रत्येक कागद जपा. ग्रामसभेत हजर राहा व आपले म्हणणे कार्यवृत्तात लिहवून घ्या. वाचून पाहिल्यावाचून कोठेही अंगठा वा सही करू नका. घरातील मुलीला सातबारा वाचावयास शिकवा. पॅरिसच्या तहाच्या वेळी आपल्याला कोणी बोलाविले नव्हते. उद्याच्या बैठकीला बोलावणे आले नाही, तरी आपण जाऊन बसले पाहिजे.