फ्लशची वाहती टाकी



शाळेच्या शौचालयातील फ्लशची टाकी भरूनही वाहत राहिली, म्हणजे छतावरील साठा दुपारीच संपतो आणि त्याची झळ प्रथम मुलींना पोहोचते. यासाठी तालुक्याहून कारागीर येईपर्यंत थांबणे मला तरी योग्य वाटत नाही.

झाकण काढून बॉलकॉकचा दांडा हाताने वर उचलावा. पाणी थांबले, तर दोष गोळ्यात किंवा दांड्यात आहे. गोळा हलवताच आत पाणी खळखळले, तर तो बदलावा. गोळा धड असल्यास पितळी दांडा किंचित खाली वाकवावा. दांडा उचलूनही धार थांबली नाही, तर मात्र आधी नळाचा कॉक बंद करून वॉशर पाहावा. तो झिजलेला असतो, त्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार बसलेले असतात, किंवा नुसता वाळूचा कण अडकलेला असतो.

पाणी वरच्या नळीपर्यंत न चढताही टाकी भरतच राहिली, तर गळती बहुधा तळाशी असते. टाकीत थोडी शाई टाकावी आणि फ्लश न करता पाव तासाने भांडे पाहावे. तेथे रंग उतरला, की निदान झाले.

वरच्या वर्गातील मुलांना हे अवश्य दाखवावे. तरफेचा पाठ येथे फळ्यापेक्षा लवकर समजतो. चिनी मातीचे झाकण मात्र त्यांना उचलू देऊ नये. ते जड असते.