फुगडीला हात देण्याआधी

खुरपणीहून येऊन, भात चुलीवर टाकून रेडिओ लावला असेल, तर हातातलं काम चालूच राहू द्या. आज आपण नाचाच्या वर्गाविषयी बोलू.

आषाढ लागला की बायकांचा मंगळागौरीच्या खेळांचा सराव सुरू होतो. पूर्वी हे खेळ कुणी मुद्दाम शिकवत नसे. नवी नवरी लग्नानंतरची पाच वर्षं श्रावणातल्या मंगळवारी मंगळागौर पुजायची, रात्र जागवायची आणि आत्या-मावश्यांचं बघून बघून तिला झिम्मा, फुगडी, पिंगा येऊन जायचा. आता बऱ्याच घरांत ते बघणंच राहिलं नाही. म्हणून बचत गटाच्या बायका मिळून एखाद्या जाणत्या ताईंना बोलावतात, शाळेच्या खोलीत नाहीतर समाजमंदिरात संध्याकाळी तासभर वर्ग भरतो. चाळिशी-पन्नाशीच्या बाया पहिल्यांदाच रांगेत उभ्या राहतात. तीन वर्षं मी अशा वर्गाला जाते आहे. जे सांगते आहे ते बहुतेक चुका करूनच कळलेलं आहे.

आधी पोटाचं बघू. भरल्या पोटी उड्या मारल्या की मळमळतं, आणि उपाशी नाचलं की चक्कर येते. श्रावणात तर सोमवार, मंगळवार, शनिवार, कुणाचा ना कुणाचा उपास असतोच. उपासाच्या दिवशी वर्गाला यायचं तर तासभर आधी केळं, मूठभर शेंगदाणे, ताक, असं काहीतरी पोटात जाऊ द्या. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर उपाशी मुळीच येऊ नये. तांब्याभर पाणी सोबत ठेवा, पण ते कोपऱ्यात. जमिनीवर पाणी सांडलं की फरशी घसरडी होते आणि अनवाणी पाय कधी सटकला ते कळत नाही.

दिवसभर उकिडवं बसून खुरपणी केलेली असते. गुडघे आधीच बोलत असतात. त्यावर आल्या आल्या बस फुगडी घालू नका. पाच-सात मिनिटं नुसतं चाला, घोटे फिरवा, खांदे सोडा, मग झिम्म्यानं सुरुवात करा. बस फुगडी जिला झेपत नाही तिनं उभी फुगडी घालावी. त्यात कमीपणा काही नाही.

कपड्यांचं म्हणाल तर सरावाला नऊवारी नेसायची घाई करू नका. सलवार-कमीज चालते. पाचवारी असेल तर घोट्याच्या वर खोचा आणि पदर कमरेला घट्ट. शेवटचे आठ-दहा दिवस मात्र नऊवारीतच सराव करा. काष्ट्यात पाऊल वेगळं पडतं आणि कार्यक्रमाच्या दिवशी ते नव्यानं कळून उपयोग नाही. मंगळसूत्र पोलक्याच्या आत, लोंबते कानातले घरी, अंगठ्या पाकिटात. फुगडीत पायाची बोटं एकमेकींना लागतात तेव्हा जोडवी चावतात, तीही सरावापुरती काढता आली तर बरं. काचेच्या बांगड्या फुटून मनगटात घुसलेल्या मी पाहिल्या आहेत. हात मोकळे करणं घरात चालत नसेल, तर बांगड्या वर सरकवून त्यावर रुमाल गच्च बांधा.

आता फुगडी. तिच्यात दोघींचा जीव दोघींच्या हातात असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. जोडीदारीण शक्यतो आपल्याच उंचीची, आपल्याच अंगाची बघा. हात कोरडे करून घ्या. हाताला तेल, मलम काही नको. हाताची अढी घालून एकमेकींचे पंजे घट्ट धरा, पायाची बोटं जवळ आणा, कोपर सरळ ठेवा आणि अंग मागं टाका. घाबरून अंग पुढं घेतलंत तर दोघींचा तोल जातो. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवा, म्हणजे गरगर कमी वाटते. आणि थांबायचं असेल तर तोंडानं सांगा, मग दोघींनी मिळून वेग कमी करा. पूर्ण थांबेपर्यंत हात सोडायचा नाही. एकीनं मध्येच सोडला तर दुसरी थेट भिंतीवर जाते. थांबल्यावरही घर फिरल्यासारखं वाटतं, कारण कानाच्या आत पाण्यासारखा द्रव असतो, तो आपण थांबलो तरी थोडा वेळ फिरतच राहतो. अशा वेळी खाली बसावं, समोर एका जागी बघत राहावं. दम नसताना हसत हसत दुसरीला हात देऊ नये.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत, ती मी इथं बोलते. बाळंतपणं झालेल्या कितीतरी जणींना उडी मारली की थेंबभर लघवी होते. कुणाचं अंग बाहेर येतं, कुणाची पिशवी काढलेली असते. मग ती बाई काहीतरी निमित्त सांगून वर्ग सोडते. सोडू नका. वर्गाआधी लघवीला जाऊन या, घडी घ्या, शिकवणाऱ्या ताईंना बाजूला घेऊन सांगा. उड्यांच्या जागी पाय टेकवून खेळता येतं. दवाखान्यातही सांगा, यावर व्यायाम असतात, उपचार असतात. दिवस गेलेले असतील, रक्तदाब असेल, ऑपरेशन झालेलं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ताईंनो, तुमच्या कानावर पडलेलं पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊ देऊ नका.

आता वागण्याचं. वेळेवर या. शिकवणाऱ्या एकच असू द्या. आमच्याकडे एक वहिनी होत्या, खेळ उत्तम यायचे त्यांना, पण शेजारणीचा हात, पाय, कंबर सगळं त्याच दुरुस्त करायच्या. शेजारीण बिचारी ताईंकडे बघू की वहिनींकडे, यातच चुकायची. नवीन बाईला नेहमी मागच्या रांगेत ढकलू नका, मागून तिला पावलं दिसतच नाहीत. रांगा रोज बदला. ताईंचं मानधन ठरल्या तारखेला द्या, तिचाही संसार आहे.

आणि हात. झिम्मा, फुगडी, पिंगा, सगळे हाताचे खेळ. कुणाचा हात धरायचा नि कुणाचा नाही, हे गावात न बोलता ठरलेलं असतं. आमच्या वर्गात पहिल्या आठवड्यात दोघीजणी रोज जोडीविना उरायच्या. एक दुसऱ्या आळीतली, आणि दुसरी, जिचा नवरा वारलेला. मंगळागौर सवाष्णींची, असं कुणीतरी हळूच म्हणालंही. ताईंनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या. जिची चिठ्ठी निघेल ती आजची जोडीदारीण. पूजा ज्यांची त्या घरी करतील, वर्गात खेळ आहे, एवढंच त्या म्हणाल्या. दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केली. एकीनं यायचं बंद केलं. डबा मात्र राहिला.

मोबाईलचं मात्र मला माझंच सांगावं लागेल. पहिल्या वर्षी एका मावशींचा फुगडीत पाय सुटला आणि त्या बसकण मारून पडल्या. लागलं नाही. सगळ्या हसल्या, त्याही हसल्या. मी त्याचं शूटिंग करत होते. घरी जाऊन मी ते गटाच्या व्हॉट्सॅपवर टाकलं, मनात वाईट काही नव्हतं. रात्रीतून ते कुठून कुठं गेलं आणि त्यांच्या मुलाच्या मित्रांच्या ग्रुपवर पोहोचलं. मुलानं घरात काय म्हटलं ते मला माहीत नाही. मावशी दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मी दोनदा घरी गेले. पहिल्यांदा चहा पाजला, विषय काढू दिला नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं, पडले त्याचं काही नाही. मला न विचारता गावाला दाखवलंस."

तेव्हापासून आमच्याकडे दारात एक परडी असते. आल्या आल्या फोन त्यात, आवाज बंद करून. घरी कुणी आजारी असेल तर ताईंना सांगून जवळ ठेवायचा. पावलं आठवण्यासाठी शूटिंग लागलंच, तर शनिवारी, सगळ्यांना विचारून, आणि नको म्हणणारीला बाजूला बसू द्यायचं, कारण न विचारता.

मावशी यंदा आल्या. दाराशी उभ्या राहून त्यांनी आधी परडीत डोकावलं, माझा फोन आहे का ते बघितलं आणि मग चप्पल काढली. काल डब्यातून आम्हा दोघींची चिठ्ठी निघाली. त्यांनी पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "हळू घे गं, आणि सोडू नकोस."