ओळंब्यात आणलेले खांब : संगणकीय आरेखनाच्या गृहपाठांविषयी अध्यक्षीय भाषण

 

प्रथेनुसार या भाषणात क्षेत्राचा आढावा अपेक्षित असतो. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटी या संस्थेत प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढण्याची 'स्केचपॅड' ही प्रणाली सिद्ध केली, १९८२च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढे टी-स्क्वेअर व रोट्रिंग पेन कपाटात गेले, एवढ्यावर तो आटोपता घेणे भाग आहे. कारण जे सांगण्यासाठी अशा व्यासपीठाची अनेक वर्षे वाट पाहावी लागली, ते भाजे लेण्यातील खांबांविषयी आहे.

इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भाजे येथील चैत्यगृहाचे, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाचे, साधे अष्टकोनी खांब माथ्याकडे आत झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा बाहेरचा रेटा पेलण्यासाठी टेकू तिरपे देत असत, त्या सुतारी रीतीची ही दगडातील स्मृती होय. मळवली स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या कार्ल्याच्या सुमारे १२४ फूट लांब, नंतरच्या काळातील चैत्यगृहात खांब सरळ उभे आहेत. तेव्हा मधल्या काळात कारागिराचा हात दगडाला कसा सरावला, हे या झुकावाच्या असण्या-नसण्यातच वाचता येते. आणि विद्यार्थ्यांच्या संगणकीय छेदचित्रांत, म्हणजे इमारत उभी कापून आतली रचना दाखवणाऱ्या नकाशांत, भाज्याचे खांब वर्षानुवर्षे बिनचूक ओळंब्यात उभे आढळतात! कारण क्षुल्लक आहे: रेघ केवळ आडवी किंवा उभी जाऊ देणारी 'ऑर्थो' नावाची सोय एफ-८ ही कळ दाबून एकदा सुरू केली की ती बंद करण्याचे कोणाला सुचत नाही, मग एक खांब काढला जातो, 'मिरर' या आज्ञेने त्याचे प्रतिबिंब समोरच्या बाजूला टाकले जाते आणि लेण्यात न जाताही लेणे पूर्ण होते. अशा छेदांवर 'उत्तम' असा शेरा पडतो, ही खरी तक्रार आहे, आणि ती विद्यार्थ्यांविरुद्ध नाही.

पहिल्या वर्षी हाताने काढून घ्यावे की संगणकावर, या वादात सहकाऱ्यांनी बरीच शाई खर्च केली आहे. प्रस्तुत वक्त्याच्या व्यवसायातील एक अनुभव तो मिटवण्यास पुरेसा आहे. तुंगार्लीच्या उतारावरील एका बंगल्यासाठी हाताच्या रेखाटनात वाकबगार असलेल्या एका तरुणाने शाईचे देखणे नकाशे केले; त्यांत जमिनीची रेघ सपाट होती. जागेवर गवंड्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे दोन ठिकाणांची पातळी ताडण्याचे साधन, दोन कोपऱ्यांना धरली तेव्हा कमरेएवढा फरक निघाला, आणि त्याने विचारले, "साहेब, वरचं पाणी काय घरातून न्यायचं?" नंतर ते काम ज्या मुलीकडे गेले तिने ड्रॉइंग बोर्ड क्वचितच पाहिला असेल, परंतु ती दोन पावसांत जागेवर उभी राहिली, ओहोळ कोठून उतरतो हे तिने वहीत टिपले आणि तो जसाच्या तसा फाइलमध्ये आणला. हाताचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि संगणकाच्या भक्तांनी, दोघांनीही, यावर विचार करावा.

फाइलबरोबर जागेवरची मोजवही, चिखलाचे डाग असलेली असली तरी, सादर करणे सक्तीचे व्हावे आणि तिला स्वतंत्र गुण असावेत, असा प्रस्ताव आहे. बेडसे लेण्यात विद्यार्थ्यांचे मापन-शिबिर भरवण्याचाही विचार आहे; खर्चाचे आणि परवानगीचे कार्यकारिणीने पाहावे, त्यासाठीच्या समितीत कोण असावे हे दुपारच्या सत्रात ठरावे. तोपर्यंत परीक्षकांनी भाज्याचा छेद हाती येताच प्रथम खांबाचा कोन तपासावा, आणि तो नव्वद अंशांचा निघाल्यास पुढची शीट न पाहता काम परत करावे.