परतीचे वल्हे

सहल कशी ठरली, याच्या कथा घरोघर सांगितल्या जातात. ती कशी संपली, हे सहसा कोणी सांगत नाही. सामान बांधणे, हिशेब चुकते करणे आणि निरोप घेणे यांत सांगण्याजोगे काही नसते, असा आपला समज असतो. माझा अनुभव निराळा आहे. गेल्या जानेवारीत आम्ही घरची दहा माणसे केरळात कयाक वल्हवण्यास गेलो होतो. त्या तीन दिवसांतले अखेरचे दोन तासच माझ्या मनात राहिले आहेत.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती बांधीत आणि तीत बसून शिकारीस जात. आज तीच होडी प्लास्टिकचा देह धारण करून आपल्या खाड्यांतून हौशी माणसांना वाहून नेते. कोल्लमजवळ, अष्टमुडी सरोवर व कल्लडा नदी जेथे मिळतात तेथे, मन्रो तुरुत्तु नावाचा लहान बेटांचा समूह आहे. तुरुत्तु म्हणजे बेट. आणि मन्रो हे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्रावणकोरचे दिवाण असलेल्या कर्नल जॉन मन्रो यांचे नाव. तेथील कालवे अरुंद, आणि त्यांवरील काही पूल इतके ठेंगणे, की त्यांखालून जाताना मोठमोठ्यांनाही मान लववावी लागते.

आमच्या घरात मान लवविण्याची सवय कोणालाच नाही. दादा इंदूरला, ताई वडोदऱ्याला, मी बंगळूरला. दर मे महिन्यात आम्हांला एकत्र आणणारे कोकणातले जुने घर दादाच्या आग्रहाने विकले गेले. मी सही केली. पण मनातली अढी काही गेली नाही. सहलीची आखणी ताईची. तिने हेतुपुरस्सर दादाला आणि मला एकाच होडीत बसविले. दोघांच्या कयाकमध्ये पुढच्याने लय धरावयाची आणि मागच्याने ती सांभाळून दिशा राखावयाची, असा नियम आहे. दोन दिवस आमची वल्ही एकमेकांवर आपटत राहिली आणि होडी या काठावरून त्या काठावर जात राहिली. मुले हसत होती. आम्ही दोघे हसत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी परतताना आमच्या वाटाड्या तरुणाने एका रिकाम्या घरापाशी होड्या थांबविल्या. जोते पाण्यात होते आणि भिंतींवर ओल चढली होती. ते त्याचेच घर. पूर्वी कल्लडा नदी पुराबरोबर गाळ आणून ही बेटे भरून काढी. १९८६ साली वरच्या अंगाला तेन्मला येथे धरण झाले आणि तो गाळ अडला. २००४ च्या सुनामीनंतर जमीन खचत असल्याचे लोकांना अधिक जाणवू लागले. भरतीचे खारे पाणी घरांत शिरते, भिंती तडकतात, आणि अनेक कुटुंबे बेट सोडून गेली आहेत. याची आईही आता लेकीकडे राहते. "घर विकता येत नाही," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "बुडणारी जागा कोण घेणार? म्हणून ओहोटी असली की येऊन अंगण झाडून जातो."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आपल्या घरात निदान दिवा तरी लागतो रे."

मी उत्तर दिले नाही. परंतु पुढचा तासभर आमची वल्ही एकमेकांवर आपटली नाहीत. नारळीच्या सावल्या लांबल्या होत्या. धक्का दिसू लागला तेव्हा मी हात थोडा सैल सोडला, दादानेही सोडला. होडी लवकर पोचू नये, असे त्या तीन दिवसांत प्रथमच वाटले, आणि नेमकी तेव्हाच ती पोचली.

वल्ही परत केली, ओले कपडे पिळले, आणि कोल्लमच्या स्थानकावर तीन दिशांच्या तीन गाड्या धरल्या. विकलेले घर परत मिळणार नव्हते. पुढच्या वर्षी दहाही जण जमतील, याची शाश्वती नव्हती. बंगळूरला उतरल्यावर मात्र मी पहिला फोन दादाला केला. तो अजून गाडीतच होता.